जुम्म्याची तालीम

सोमवार, ५ जानेवारी
ठरलं. ह्या शुक्रवारी नातवाला, तौसिफला, जुम्म्याच्या नमाजला नेणार. गेल्या ईदला नमाजाच्या रांगेतून ओरडत पळाला. नऊ वर्षांचं पोर. लोकांनी वळून पाहिलं. तेव्हापासून घरीच. डॉक्टर ऑटिझम म्हणतात, मी लाड म्हणतो. दर शुक्रवारी अजान झाली की टोपी घालून दाराशी उभा राहतो. मग मी मागच्या दाराने निघतो.

लेक नसीबा म्हणाली, अब्बा, ह्या जुम्म्याला नेलं नाही तर मी त्याला घेऊन रावेरला मामाकडे राहायला जाते, तिथली मशीद त्याला घेते. धमकी, मला? पेपर मिलमध्ये अख्खी शिफ्ट सांभाळली आहे मी. चार दिवस पुष्कळ झाले.

मंगळवार, ६
जानमाज अंथरून तालीम. फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हणून संपली की हा मोठ्यांदा आमीन म्हणतो. आपल्या मशिदीत आमीन मनातल्या मनात. मी म्हटलं, गप. तोही म्हणाला, गप. ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलतो. प्रगती आहे.

बुधवार, ७
सकाळी तालीम नाही. गुडघा. संध्याकाळी केळीच्या वेफर्सचं आमिष. वेफर्स संपले, आमीन तसंच. बायको, जैतून, म्हणते, तुम्हीच जरा कमी बोला. तिला ट्रेनिंगमधलं काय कळतं.

गुरुवार, ८
इमामसाहेबांकडे दाराजवळची जागा मागितली. म्हणाले, कहीं भी खड़ा करो चाचा, बच्चे की आवाज से किसी की नमाज नहीं टूटती. जो बोले, उसकी टूटती है. हे मला सांगतात. घरी आलो तर नसीबाची बॅग भरलेली. झोप येत नाही. चहा जास्त झाला असेल.

शुक्रवार, ९. दुपारी
नेलं. प्लॅन चोख. दाराजवळ, माझ्या शेजारी. फातिहा संपली. मशीद चिडीचूप. तौसिफ खणखणीत म्हणाला, आमीन. कोणी वळलं नाही. आणि मी भर नमाजात बोललो, गप.

नमाजाच्या शेवटी सलाम फिरवल्यावर शेजारच्या लुकमानने कानात सांगितलं, पोऱ्या मस्त उभा होता चाचा, तुमचीच टूट गई. एवढ्या भरल्या मशिदीत नमाज तुटली ती फक्त माझी.

जुम्मा हुकला म्हणून जोहर, रोजची दुपारची नमाज, पढायला एकटाच उभा राहिलो. मागे लोक तौसिफशी हात मिळवत होते. तो त्यांना सोडून आला, माझ्या कोपराला खांदा लावून उभा राहिला, आणि माझ्याच आवाजात म्हणाला, गप.

ह्या खेपेला गप राहिलो.