अंजिरी पातळाचा बोळा

जालना
ता. २६ ऑक्टोबर २००४

चि. सौ. सोनूस,

झुंबरअक्काचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे दुखतेत, ते दुखणारच. तुझी म्हैस व्याली का? भुजंगरावांना माझा नमस्कार सांग. सांगशील का न्हाई माहीत न्हाई, पण मी लिहिलंय.

चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, अक्षर असंच आहे. सावकाश वाच.

आधी कामाचं सांगते. अजून त्याच पावडर कोटिंगच्या शेडमधे आहे. लोखंड हौदात बुडवून जुना रंग काढायचा, धुऊन वाळवायचं, हूकला टांगायचं, बंदुकीनं रंगाची कोरडी पावडर मारायची आणि भट्टीत घालायचं. मंग तो रंग नखानं निघत न्हाई. मालक म्हणतो, "झुंबरबाई, तुमची जीभ पण एकदा भट्टीत घाला, गुळगुळीत होईल." मी म्हणलं, "घाला. मंग तुमच्या उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांना शिव्या कोण देईल?"

गेल्या महिन्यात नवीन जालन्यातल्या एका बियाणंवाल्यानं जुनी जीप नव्यासारखी करायला काढली. इंजनाचे भाग आमच्याकडं आले. डोक्यावरचं झाकण, हवेच्या फिल्टरचा डबा, पुली. ओतीव लोखंड वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेलं असतं. ते आधी नुसतंच भट्टीत तापवावं लागतं, न्हाई तर रंगाला फोड येतात. पुली तापली, मी दार उघडलं, तर काय वास आला म्हणून सांगू! आपल्या जीपचा. आपल्या भावाच्या, रामभाऊच्या जीपचा. मी तिथंच उभी राह्यले. माझ्या जोडीला शेडमधे काम करणारी बेबीनंदा ओरडली, "अक्का, दार लावा, भट्टी थंडी व्हायली!"

तुला आठवतं का गं? टेंभुर्णीच्या स्टँडवर भुजंगराव एक पाय बाहेर काढून "जाफ्राबाद, जाफ्राबाद, दोनच शिटं" ओरडायचे आणि आत अठरा माणसं कोंबलेली. तुझं नवीन लग्न. तू पुढं बसायचीस, गिअरची दांडी गुडघ्याला लागू नये म्हणून तिरकी. मागून तुळजाबाई कोंबडी मांडीवर घेऊन म्हणायची, "ड्रायव्हर, रस्त्याकडं बघ. बायकोकडं घरी बघ." सगळी जीप हसायची. भुजंगरावांचे कान लाल व्हायचे.

आणि दसरा. आदल्या दिवशी ते इंजनाला ब्रशनं चांदी रंग द्यायचे, नाकाला पण लावून घ्यायचे. तू झेंडूच्या माळा करायचीस. झाकणं, टोप्या चिंचेनं घासायचं काम माझं. तसे दिवस मंग आले न्हाईत.

बरं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

इंजनाच्या झाकणाला तेल ओतायचं तोंड असतं. आत पावडर जाऊ नये म्हणून तिथं चिंधीचा बोळा कोंबायचा आणि भट्टीच्या आधी आठवणीनं काढायचा. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बेबीनंदाचा एक राहिला. आत जळून चिकटला. मी तिला इतकं बोलले की दोन लेकरांची आई ती, रडायला लागली. मी म्हणलं, "बोळा आत राहिला की इंजन जाम होतं, माणूस देशोधडीला लागतो!" ती डोळे पुसत म्हणाली, "एका बोळ्यानं माणूस कसा देशोधडीला लागंल, अक्का?"

मी तिला दुसऱ्या कामाला लावलं. उत्तर तुला देते.

अठ्ठ्याऐंशीचा दसरा. मी तेलाची टोपी घासायला काढली. आत धूळ जाऊ नये म्हणून तोंडात बोळा घातला, माझ्या पिवळ्या काठाच्या अंजिरी पातळाचा. तेवढ्यात पूजेची घाई झाली आणि मी टोपी वरूनच दाबून बसवली. बोळा आत गेला. तिसऱ्या दिवशी इंजन जाम झालं. तातेराव मिस्त्रीनं बुडाचं तेलाचं भांडं खोललं तर जाळीला काळ्या चिंध्या गुंडाळलेल्या.

रामभाऊ स्टँडवर, चार माणसांत म्हणाला, "भुजंग, चांगलं तेल विकलंस आणि चिंध्या पडलेलं घाण तेल घातलंस. चोर आहेस तू." भुजंगरावांनी हात जोडून शपथ घेतली. तू माझ्याकडं बघितलंस. मी कुणाला सोडत न्हाई, आता अक्का बोलंल, असं तुला वाटलं असंल.

एका चिंधीला पिवळा काठ होता. मी ती पायानं मातीत लोटली.

मला कळलं होतं, सोनू. त्याच दिवशी, तिथंच.

नवऱ्यानं टाकून दोन वर्षं झालेली. रामभाऊच्या भाकरीवर होते. त्यानं हाकललं असतं तर कुठं गेले असते? ही माफी न्हाई, कारण सांगून राह्यले. मंग भुजंगरावांना कुण्या मालकानं गाडी दिली न्हाई. तुम्ही अंतरवालीला गेलात, त्यांनी चहाचा गाडा टाकला. ज्या माणसाला खड्डा कुठं आहे ते अंधारात कळायचं, तो कपबश्या विसळत बसला. सोळा वर्षं तू माहेरी आली न्हाईस.

या दसऱ्याला टेंभुर्णीला जाऊन रामभाऊला सगळं सांगितलं. त्यानं उठून आधी दार लोटून घेतलं. मंग म्हणाला, "झालं ते झालं. आता उकरू नको, माझी इज्जत जाईल. पत्र टाकलंस तर भाऊबीजेला या घरात पाय ठेवू नको." मी म्हणलं, "बरं." चहा पण न पिता उठले. त्याच्या घरी न्हाई गेले तरी आता माझी भाकर माझी आहे.

हे पत्र भुजंगरावांना वाचून दाखव. घरात न्हाई. चौकात, गाड्यावर माणसं असतील तेव्हा, मोठ्यानं. चोर चार माणसांत म्हणलं होतं.

मी रविवारी येते. गाड्यासमोरच्या बाकड्यावर बसेन. काय बोलायचं ते त्यांनी बोलावं, मी उलटून बोलणार न्हाई. ऊठ म्हणले तर उठेन आणि आल्या वाटेनं जाईन. चोर भुजंगराव न्हाईत, एवढं त्या चौकाला कळलं की माझं काम झालं.

त्या दिवशी गप्प बसलेली,
झुंबर