मागून घेतलेलं मीठ

२ ऑक्टोबर १९७८, लखनौ
पोचलो एकदाचा! चिनहटला फैजाबाद रोडवर काचेचा कारखाना, मागेच क्वार्टर. दोन खोल्या, नळाला पाणी, अंगणात पेरूचं झाड. अकोल्याच्या आमच्या खोलीपुढे महालच म्हणायचा. बाबासाहेबांचा फोटो लावला, खाली ट्रंक ठेवली, झालं घर. शेजारी शामराव, वर्ध्याकडचे, माझ्यासारखेच फिटर. मराठी माणूस भेटला म्हणून खूश झाले. पण बायकोला, कांताला, आणि आमच्या लेकीला, बेबीला दिवाळीच्या सुट्टीत आणतोय म्हटल्यावर उठून आपल्या खोलीत गेले. असतो एखाद्याचा स्वभाव.

५ ऑक्टोबर
आज मॅनेजरसाहेबांनी आम्हां कामगारांना जेवण दिलं. लखनौची अदब काय विचारता! साहेब स्वतः वाढत होते, 'आप'शिवाय बोलणं नाही. भर उन्हात अंगावर घामाचा थेंब नाही, डोळ्याची पापणी हलत नाही. डाळ मात्र पार अळणी. आपल्याकडे ताटात आधी मीठ पडतं, मग बाकीचं. बाकीचे मुकाट जेवत होते. मी आपलं हसत हसत मीठ मागितलं. साहेबांनी लगेच खिशातून डबी काढली. निळसर मीठ, चव झकास. शामरावांनी मान वर केली नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार
हजरतगंज बघायला निघालो. फाटकाशी पाय अडले, वळले आणि मला भट्टीपुढे घेऊन गेले. सुट्टीचा दिवसभर राबलो. थांबावं म्हटलं तरी हात ऐकेनात. शामराव म्हणाले, ते मीठ कुणालाही आपणहून वाढत नाहीत. जो मागतो तो बांधला जातो. त्यांनीही मागितलं होतं. मी बांधला जाईपर्यंत सांगायला त्यांची जीभ उचलली नाही.
माझ्या आजाने छप्पन साली येसकराची काठी आडात टाकली. गावाची चाकरी सुटली. तेव्हापासून आमच्या घरात कुणी मालकाच्या दारी काही मागितलं नाही. मी मागितलं, तेही चिमूटभर मीठ.

२३ ऑक्टोबर
शामराव काल मागच्या लोखंडी दारातून 'तिकडच्या ड्यूटी'ला गेले. आज आले ते केस पांढरे, दात पडलेले. म्हणाले, दारापलीकडे ही पृथ्वी नाही. आभाळात दोन सूर्य, एकही मावळत नाही. साहेब तिकडचेच. आपली माणसं तिथे निळं मीठ खणतात. इथला एक दिवस म्हणजे तिकडे अर्धा जन्म. फटी अरुंद आहेत, म्हणून लहान हात लागतात.
साहेबांनी मघाशी मला बेबीचं वय विचारलं.

२६ ऑक्टोबर
कांताला कार्ड लिहायला बसलो, येऊ नकोस म्हणून. हाताने लिहिलं: लवकर ये, बेबीला आण, इथे झकास आहे. अक्षर माझंच. पायांनीच जाऊन पेटीत टाकलं.

६ नोव्हेंबर
दोघी आल्या. बेबी आल्या आल्या पेरूवर चढली. कांता विचारते, एवढे कसे वाळलात? सांगायला तोंड उघडलं, तर शब्द आले की साहेब देवमाणूस आहे. ही वही तिच्यापुढे धरायला गेलो, हातांनी उशीखाली सारली. लिहू देतात, दाखवू देत नाहीत. आणि आता माझंच तोंड बेबीला हिंदी शिकवतंय. पानी दीजिए. नमक दीजिए. पोरगी हुशार, लगेच—

७ नोव्हेंबर
शामराव पुन्हा दारातून गेले. आले नाहीत.
साहेब उद्या आमच्याकडे जेवण घेऊन येणार. स्वतः वाढणार. कांता केवढी खूश—

८ नोव्हेंबर
साहेब बाहेरच्या खोलीत वाढताहेत. मी आत. पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. फक्त हे लिहिणं—
कांता म्हणतेय, आपण उगाच तकलीफ घेतली.
बेबीने घास घेतला. दिसतंय मला दारातून. तोंड वाकडं केलं.
अळणीच खा गं. खा, बाई. मागू नकोस, तुझ्या पणज्याने—
साहेब वाकून हसताहेत. हात खिशाकडे—
बेबीने माझ्याकडे बघितलं. बाबांनी शिकवलेलं येतं, हे दाखवायचंय तिला. हसतेय. म्हणतेय, साहबजी, थोडा—