तणाचं औषध

६ एप्रिल, गडमुडशिंगी
ईद झाली आणि बार्शीहून निघालो. नोकरी तणनाशकाच्या कंपनीत. शेतकऱ्यांना फवारणी करून दाखवायची. खोली आकाराममामांच्या घराच्या मागच्या अंगाला मिळाली. दार उघडलं की समोर थेट ऊस. मामांनी “या पावणं!” अशी हाक मारली, की भांडायलाच आले असं वाटलं. बाळाबाईमावशींनी हातातली पिशवी काढून घेतली आणि भाकरीवर खर्डा वाढला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि नवरा-बायको हसून बेजार. आयेशाला फोनवर सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं आमचं घर होणार. स्वयंपाकघराला खिडकी हवी म्हणाली. आहे.

११ एप्रिल
आज मामांच्याच उसात प्रात्यक्षिक. सऱ्यांमध्ये लव्हाळा आणि हराळी माजली होती. भांगलायला बाया मिळत नाहीत, म्हणून गावाचा कल आता फवारणीच्या पंपाकडे. वारा पडलाय ना ते पाहिलं, हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. नोझलवर हूड बसवला, म्हणजे उसाच्या पानावर थेंब उडत नाही. सकाळी फवारलं, ऊन चढलं तसं तण करपून लोळलं. मामा बांधावरून ओरडले, “आयला, जाळ लावल्यागत झालं की!” हे औषध ऊन आणि हवेच्या जोरावर पेटतं, असं मी समजावून सांगितलं. उरलेला डबा त्यांना दिला.

१४ एप्रिल
सकाळी आयेशाशी वाद. तिचे अब्बा इतक्यात पाठवायला तयार नाहीत. माझा आवाज चढला; मामांच्या पोरानं, सम्राटनं, अंगणातून ऐकलं असावं. संध्याकाळी फोन करून तिची समजूत काढीन. आता शिवारात जायचंय.

१५ एप्रिल, सरकारी दवाखाना
झालं ते नीट लिहून ठेवतो. काल दुपारी परत आलो तेव्हा घसा वाळून गेला होता. मावशी गोठ्यातून ओरडल्या, “कोल्ड्रिंक आणलंय, घ्या जावा!” फळीवर कोल्ड्रिंकची बाटली होती. बूच काढून घोट घेतला. जिभेला कळलं तोवर अर्धा घशाखाली गेला होता.
कोल्ड्रिंक फ्रिजमध्ये होतं. फळीवरच्या बाटलीत मामांनी मेहुण्यासाठी तणाचं औषध ओतून ठेवलेलं.
मामांनी डबाही बरोबर आणला. डॉक्टर मॅडमनी त्यावरचं नाव वाचलं. पुढचे प्रश्न त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले.

१६ एप्रिल
जीभ सोलून निघालीय. बोलता येत नाही. वहीत लिहून दाखवतो. हवालदारांनी विचारलं, बायकोशी भांडण झालं होतं का. सम्राटनं फोनचं सांगितलंय. मी लिहिलं, चुकून प्यालो. त्यांनी मान हलवली, लहान पोराचं खोटं ऐकून हलवावी तशी.

१८ एप्रिल
आज बराच बरा आहे. ताप नाही. पेज पोटात राहिली. घरी सोडा, असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, थोडं थांबू या. यावर औषध काय, असं विचारलं तर त्या खिडकीचा पडदा सरळ करत राहिल्या.
मावशी पायाशी बसून असतात. मी उठून बसलो, हसून दाखवलं. तर त्यांनी तोंडात पदर कोंबला आणि बाहेर पळाल्या.
मी ठीक आहे. मग सगळे माझ्याकडे असे का बघतात?

२० एप्रिल
आयेशा आली, अब्बांबरोबर. तिच्यासमोर संडासापर्यंत चालत गेलो. येताना भिंत धरावी लागली.
तिनं कानाशी येऊन विचारलं, माझ्यावर रागावून प्यालात का. मी “नाही” असं लिहिलं. परत लिहिलं. ती अक्षरांकडे बघते, माझ्या डोळ्यांकडे नाही.

२१ एप्रिल
श्वास अर्ध्यावर अडतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना ऑक्सिजन लावलाय. मीही मागितला. मॅडम म्हणाल्या, नको, त्यानं हे विष फुप्फुसात जास्त पेटतं. शेवटी लावू.
शेवटी, म्हणाल्या.

२२ एप्रिल
खोलीभर हवा आहे. आत येत नाही — छातीत चिपाडं कोंबल्यासारखी — आयेशाच्या मोबाइलमध्ये ओठ पाहिले. निळे.
मामा दारातच उभे. आत येत नाहीत. म्हणतात, “माझ्या हातनं झालं, पोरा, माझ्या —”

२३ एप्रिल
अब्बा तिला म्हणत होते, जीव दिला त्यानं, तुझ्यापायी. मी जागा होतो. ती ओढणीत तोंड लपवून रडली. तिला ते पटलंय —
हात जड —
ऑक्सिजन लावला. म्हणजे —
आयेशानं वही धरलीय. म्हणते, नुसतं “नाही” नको, एकदा पूर्ण वाक्य लिहा, अब्बांना दाखवते, आयुष्यभर जपून ठेवते —
लिहितो —
आयेशा, ते मी मुद्दाम प्यालो