फुगऱ्या अभ्रकाची कंपनी

नेकनूर, भाद्रपद शुद्ध द्वादशी, फसली १३३५

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढं माझं चरित्र लिहिणाऱ्याची सोय होईल.

हकीकत अशी. मी मुंजाजी. मिडल नापास, पण एकाच विषयात. बाकीच्या विषयांना बसलोच नव्हतो. यंदा नेल्लूरकडं अभ्रकाच्या खाणीवर कामाला गेलतो. तिथला गोरा साहेब एका मऊ, मळकट अभ्रकाला वर्मिक्युलाईट म्हणायचा. आच लागली की हा माल फुगतो आणि कापसागत हलका होतो. साहेब म्हणे, अमेरिकेत हा भिंतीत भरतात, बॉयलरला लिंपतात, तिजोरीच्या कप्प्यात घालतात. ऊन आत येत नाही, ऊब बाहेर जात नाही, आग धरत नाही. आपल्या मुलखात कुणाला पत्ताच नाही! मी तिथल्या तिथं खाण सोडली. (मुकादम म्हणतो, त्यानं काढलं. ज्याचा त्याचा समज.) दोन पोती माल घेऊन लातूरच्या ठेसनावर उतरलो. तिथून बैलगाडीनं इथं, छबुअक्काकडं, म्हणजे थोरल्या बहिणीकडं.

संकल्प : दसऱ्याच्या आत कंपनी. तोवर इकडंतिकडं बघायचं नाही.

त्रयोदशी, सकाळ

अक्काच्या कढईत पहिलं डेमॉन्स्ट्रेशन. माल तापला आणि एकेक चकती वळवळत उभी राहिली, सोनेरी अळ्यांसारखी. अक्का किंचाळली. म्हणाली, मेल्या, माझ्या कढईत जळवा कावून भाजायलास? शेजारणी धावल्या. चुलीवर गोमूत्र शिंपडलं. कढई उंबऱ्याबाहेर गेली.

प्रयोग यशस्वी.

पौर्णिमा

कंपनीचं नाव ठरवण्यात दिवस गेला. ‘दख्खन वर्मिक्युलाईट’ की ‘मुंजाजी अँड सन्स’? सन्स अजून नाहीत, पण बोर्ड एकदाच रंगवायचा असतो.

भाद्रपद वद्य द्वितीया

आश्रुबा दाजी म्हणतात, पितृपक्षात नवीन काम काढू नको. सायन्सला पितर नसतात.

आजचं काम : गरम पेटी. लाकडी खोक्यात फुगवलेला माल भरायचा, मधी उकळत्या वरणाची पातेली, वर पुन्हा माल, वर झाकण. दुपारी उघडायची, वरण वाफाळतं. दाजी शेतावरून आले की पेटी उघडायला मी हजर राहणार. तोवर कुणी हात लावायचा नाही, असं अक्काला बजावलं.

तृतीया

काल जरा वेशीपर्यंत गेलो, तर वाटेत मेंढ्यांची टक्कर लागली होती. तिथून मंडळी पाचपेटीच्या विहिरीवर पोहायला गेली. माणसांची ओळख वाढवणं हा धंद्याचा भाग आहे.

आज आलो तेव्हा अक्कानं पेटी अंगणात ठेवलेली. उघडली. वरण अजून कोमट होतं! दुसऱ्या दिवशी कोमट! आंबलं होतं ही गोष्ट वेगळी. ती वरणाची चूक, पेटीची नव्हे. दाजी म्हणाले की काल त्यांनी चटणीबरोबर भाकरी खाल्ली, अन् आज मी खायची.

पंचमी

मोठं पाऊल. दाजींच्या झोपायच्या खोलीचं माळवद. तिथं दुपारी भट्टी पेटल्यागत होतं. दाजी बाजाराला गेलेले बघून खोलीवरची माती उकरून काढली आणि फुगवलेला माल दडपून भरला. खाली जाऊन बसलो. खरंच गार! पुन्हा वर आलो, तर समोरच्या घरातली भिवराबाई वर बघत उभी होती. तिला ओरडून युक्ती समजावली. ती म्हणाली, पाणी पडलं की सांगा.

भिवराबाईबद्दल इथं नोंद हवी. भगवानरावांची लेक. नवरा पटकीनं गेला, माहेरी आली. भगवानरावांना मुलगा नाही. काळं रान आहे, बैल आहेत, अन् रान तीच बघते. बोलायला फटकळ. पण मी बोलत असलो की उभी राहून ऐकते. कंपनीला मालकीण लागेलच.

अष्टमी

पाऊस. एकच सर, पण दमदार. हा माल पाणी धरून ठेवतो, हे साहेब सांगायचा राहिला. किंवा सांगत असताना मी दुसरीकडं बघत असेन.

दशमी

पाऊस परवाच थांबला. दाजींच्या खोलीत चालू आहे.

भिवराबाई दारात येऊन म्हणाली, मुंजाजी, गावावरचा पाऊस गेला, तुमच्या घरात मुक्कामाला ऱ्हायला का? सगळी गल्ली हसली. मीही हसलो. ती मुद्दाम मला बोलायला आली हे दाजींच्या ध्यानातच आलं नाही. ते म्हणाले, ए बे मुंज्या, दसऱ्यापर्यंत कुठं तरी चिकट, न्हाईतर तुझ्या पोत्यांसकट तुला नेऊन लातूरच्या गाडीत घालतो.

अक्का रडली नाही. फुगवलेल्या मालाचं पोतं उचलून गोठ्यात टाकलं.

द्वादशी, बीड

सरकारी परवान्यासाठी बीडला. पेशकारसाहेबांपुढं सँपल ठेवलं. त्यांनी विचारलं, हे उगवतं का, जळतं का, खातात का? मी म्हणालो, तिन्ही नाही, तीच तर खुबी. साहेबांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, जिस चीज पे महसूल नईं, वो चीज हैच नईं. सँपल फुंकर मारून उडवलं. हलकं असल्यामुळं लांबवर गेलं. शेजारचा कारकून शिंकत बसला.

सरकारची हरकत नाही, असा मी अर्थ घेतला.

चतुर्दशी

आज महत्त्वाची बातमी. भगवानरावांनी भिवराबाईचा पाट लावायचं मनावर घेतलंय. स्थळ केजकडचं, शहादेव नावाचा बिजवर. चार बैलांचा धनी, बोलायला बैलांपेक्षा कमी.

भगवानराव दाजींपाशी बसून सांगत होते, मी भिंतीआड होतो. म्हणाले, आपण आता थकलो. रब्बीचं बाईमाणसाच्या भरवशावर टाकायचं का, ते घटावर ठरवू. नवरात्रात घट खुरटला तर साल खोटं समजायचं, रान बटाईनं द्यायचं अन् पोरगी शहादेवाच्या घरी. घट तरारला तर मग तिचं ती बघंल.

इकडं पिढ्यान्पिढ्या नेमानं हेच चालतं. आपल्या रानातली माती परडीत घ्यायची, धान्य पेरायचं, वर पाण्याचा घट ठेवायचा. नवव्या माळेला जे धान्य उंच, ते त्या रानात पिकणार.

दुपारी भिवराबाई आडावर भेटली. सहज विचारलं. ती घागर डोक्यावर घेत म्हणाली, घट चांगला येऊ द्या, मग मी कुणाचंच ऐकणार न्हाई.

कुणाचंच! म्हणजे बापाचं नाही, शहादेवाचं नाही. माझ्या तोंडावर सांगितलं. बाईमाणसानं याहून उघड काय बोलावं?

सर्वपित्री अमावास्या

रात्रंदिवस विचार करून (खरं तर जेवताना) सुचलं. हा माल पाणी धरतो, ढिला राहतो, मुळाला अडवत नाही. घटाला याच्यापेक्षा चांगली माती त्रिभुवनात नाही. माळवदावर जो दुर्गुण ठरला, तोच परडीत सद्गुण. याला म्हणतात इंडस्ट्री.

उद्या घटाची माती आणायला कौशल्याकाकू, म्हणजे भिवराबाईची आई, कुणाला तरी पाठवणारच. मीच पुढं झालो. काकू म्हणाल्या, रानातलीच आण रे बाबा, वरवरची नको. मी म्हणालो, काकू, निर्धास्त ऱ्हावा. बेत असा : अर्धी माती त्यांच्या रानातली, अर्धा माल आपला. कुणाची फसवणूक नाही, नुसती मदत.

अश्विन शुद्ध प्रतिपदा, पहिली माळ

वेशीबाहेर दरवेशी अस्वल घेऊन आलेला. अस्वल तंबाखू मळायची नक्कल करत होतं. अगदी दाजी! एवढं बघून निघणारच होतो.

उशीर झाला. रान लांब. काकू हाका मारत होत्या. शेवटी गोठ्यातलं पोतं फोडलं, फुगवलेला माल परडीत भरला, वरून गोठ्यामागची काळी माती भुरभुरवली. अर्ध्याचं थोडं जास्त झालं. भगवानरावांच्या रानाचं फक्त नाव त्यात होतं.

घट बसला. भगवानरावांना डोळ्यानं कमी दिसतं. भिवराबाईनं पाणी शिंपडताना परडीकडं वाकून बघितलं, मग माझ्याकडं. मी देवीकडं बघितलं.

तिसरी माळ

अंकुर! कौशल्याकाकू म्हणाल्या, तिसऱ्याच माळेला असं कधी न्हाई झालं.

पाचवी माळ

गहू बोटभर, ज्वारी त्याहून वर. शेजारपाजारच्या बायका बघून जातात. मंजुळाबाईंच्या घटात अजून काहीच नाही, त्या म्हणाल्या, हे देवीचं न्हाई, काहीतरी दुसरंच हाय. जळणारे लोक असायचेच.

मला दोन वेळा चहा मिळाला.

सातवी माळ

वीतभर. हिरवंगार. भगवानराव हातानं चाचपून बघतात आणि डोळे पुसतात. म्हणाले, आपलं रान अजून जितं हाय. मला जरा कसंतरी झालं. मग भूक लागली असेल असं वाटलं.

संकल्प : लग्नानंतर गरम पेटी बंद. भिवराबाईला आंबलेलं वरण आवडत नसेल.

नववी माळ

केजला निरोप गेला. शहादेवाला नकार! निरोप घेऊन जायला मीच तयार होतो, पण सांगणारा विश्वासू हवा असं भगवानराव म्हणाले. दुसराच गेला. बरोबर आहे, मी आता घरचा माणूस. घरच्यानं कशाला जायचं?

अक्काकडून दाजींचा धुतलेला सदरा मागितला. तिनं विचारलं, कावून? मी म्हणालो, उद्या कळेल.

दसरा, सकाळ

भगवानरावांनी घटाचे तुरे पटक्यात खोवले. आपट्याची पानं घेऊन निघतो. काय बोलायचं ते पाठ केलंय. सुरुवात कंपनीपासून, शेवट संसारानं.

दसरा, तिन्हीसांजेला

लिहिण्यासारखं बरंच आहे.

भिवराबाई अंगणात पेरणीची तिफण धुवून ठेवत होती. मी पानं दिली. तिनं घेतली. मी कंपनीपासून सुरुवात करणार तोच तीच म्हणाली, मुंजाजी, तुमचे लई उपकार झाले.

मी म्हणालो, कसले?

ती म्हणाली, आमच्या काळ्या रानात सोनं कुठून चमकायला लागलं हे मला पहिल्याच माळेला दिसलतं. बोलणार होते. मग म्हटलं ऱ्हाऊ द्या. मी रान उकरून बघितलतं, हातभर खाली ओल हाय, ज्वारी येणारच. पण बाबाला माझं पटत न्हाई, घटाचं पटतंय. तुमचा घट झाला, माझं काम झालं.

मी विचारलं, देवीचं काय? ती म्हणाली, देवीला कळतंय कोण राबणार हाय ते.

मग म्हणाली, उद्या पेरणी. माणूस कमी हाय, रोजानं येता का? चाडं न्हाई देणार, तुमी बी टाकता टाकता अस्वल बघत बसाल. बैल बी न्हाई, ते तुमच्यामागं भलतीकडं जातील. पाण्याची घागर तेवढी बांधावर आणत जावा. वाटेत थांबू नका.

उरलेलं पोतंही तिनं मागून घेतलं. कोंबडी अंड्यावर बसवायची होती, टोपल्यात घातलं. कोंबडी लगेच बसली. कंपनीचा पहिला माल खपला.

शेवटी धीर करून विचारलं, मग आपलं?

ती म्हणाली, आपलं काय?

दाजी म्हणतात, रोज मिळतोय तर गप जा. जाणार आहे. पण दाजींना यातलं समजत नाही. ‘आपलं काय’ असं तिनं मला विचारलं. बाई उत्तराची वाट बघतेय. रब्बी निघाली की सवडीनं देईन.