पवित्राला बघायला आलेला कॅमेरा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार

तीर्थस्वरूप आक्कास धाकट्या शिवानंदाचे शरणार्थ. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर उतरली का? (फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.) आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही.

आपल्या पवित्राला राज्य स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण मिळालं, हे तुला ठाऊकच आहे. त्यानंतर एका वाहिनीची माणसं मुलाखतीला येणार असा निरोप आला. चार परकी माणसं मुलीसाठी घरी येणार म्हटल्यावर आपल्यात जे करतात, तेच मी केलं. कांदेपोहे करवले, शेजारच्या सुलतानबींच्या कपबश्या आणल्या (एकीचा कान माझ्याकडून मोडला, त्यांना अजून सांगितलेलं नाही), आणि पहाटे पाचला तालमीत घाम गाळणाऱ्या पोरीला तुझ्या भावजयीचं इरकल नेसवून हातात ट्रे दिला. पोलकं दंडावर उसवलं. "आप्पा, ही काय सोयरीक हाय व्हय?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, "गप. पावणं बसल्यात."

कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या तोंडाला सवयीनं लगामच राहिला नाही. मुलगी बारावी झालीय, मनमिळाऊ आहे, पुरणपोळीसुद्धा येते (तिला चहासुद्धा येत नाही). पाहुणे खूश झाले. मग डावांबद्दल कोण कशाला विचारतंय! दाखवलेल्या सहा मिनिटांत कुस्ती काही सेकंद होती, बाकी सगळे पोहे. खाली ठळक अक्षरांत, 'सोनेरी पैलवानाला नवरा हवा कसा?' आणि मी शहाण्यानं ते भावकीच्या ग्रुपवर दोनदा पाठवलं.

वाहिनीच्या त्या व्हिडिओखाली लोकांनी जे लिहिलं ते सगळं इथं लिहवत नाही. तिचे खांदे बघून कुणी विचारलं, ही बाई आहे का बाप्या. कुणी होणाऱ्या नवऱ्याच्या बरगड्यांची काळजी केली. त्या बरगड्यांवर मी हसलो, आक्का. पोरगी शेजारीच बसली होती.

तेव्हापासून ती म्हशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जात नाही. अर्धी भाकरी खाते, आणि या उकाड्यात खांद्यांवरून ओढणी काढत नाही. पंधरा तारखेला राष्ट्रीय संघाची निवड आहे. वस्तादांनी दोनदा बोलावणं धाडलं, तर म्हणाली, "माझं नाव काढून टाका." तिच्या मागं मागं तालमीत येणाऱ्या गल्लीतल्या दोन लहान पोरीही बंद झाल्या. त्यांच्या आयांनी ते सगळं वाचलं होतं. दहा वर्षं घासलेलं अंग ती आता लपवायला बघते, हे मला बघवत नाही.

तुझं ती ऐकते. येऊन समजाव.

तुझा,
शिवानंद

ता. क. ग्रुपवर तू लिहिलं होतंस, 'खांदे आणखी रुंद व्हायच्या आत उजवून टाका.' तेवढं पुसून टाक. तू मायेनंच लिहिलंस, मला कळतं. पण परक्यांचं तिनं सोडून दिलं असतं, आत्तीचं सुटत नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आत पवित्रानं हे वाचलं. म्हणाली, "आत्तीला कशाला बोलवतासा? हसला तर तुम्ही की." तेव्हा तू इतक्यात येऊ नकोस, आधी मीच तिच्याशी बोलतो. सुरुवात कशी करायची, तेवढं मात्र कळव.