फोडणीची पळी गॅरेजमध्ये

शनिवार, संध्याकाळ

जमलं एकदाचं. बंदुकीच्या गोळ्या आज चकचकीत निघाल्या, एकीवरही सुरकुती नाही. हात अजून शिवशिवतायत. शूटिंग रेंजवरच्या नेमबाजीच्या मॅचसाठी किती दिवस गॅरेजमध्ये शिसं ओततेय, पण विकतची पळी पातळ पत्र्याची, साच्यापर्यंत नेईतो शिसं गार. आज राहवलं नाही. इकडे परदेशात येताना आईने बॅगेत घातलेली फोडणीची लोखंडी पळी काढली. जाडजूड, लांब दांड्याची, काठाला चोच. आधी चांगली तापेपर्यंत वितळलेल्या शिशातच बुडवून ठेवली आणि मग ओतलं. हे आधी का नाही सुचलं मला?

नवरा म्हणाला, "यार, ही आता किचनमध्ये नको हं." नाहीच येणार. दांड्याला लाल टेप गुंडाळून गॅरेजमध्येच टांगली. आमटीला फोडणी कढईत दिली. पण ती पळी आईच्या हातातली... तिला काय सांगायचं?

शेवटी व्हिडिओ कॉलवर सगळं सांगून टाकलं. आईने विचारलं, "ओतायच्या आधी पळी तापवलीस ना गं?"