जावयांचा टेपरेकॉर्डर

एकोडी, २ मार्च १९८४, संध्याकाळ

सुटलो एकदाचा. मी माझ्या टेपरेकॉर्डरची तारीफ केली म्हणून जावयांनी, म्हणजे बहीण शकूच्या नवऱ्यानं, तसाच घेतला, ना महाग ना स्वस्त. आणि गाणारी बाई त्यात रेड्यासारखी रेकते म्हणे. माझा तर नीट चालतो, मग यांचाच काहून?

आज येऊन ऐकलं. खरंच रेडा. मान वर करवेना. तेवढ्यात शकूनं धानाला पाणी देणारी मोटर बंद केली, आणि बाई बाईसारखी गायला लागली. वीजच कमी पडत होती.

जावई हसले, "मशीन चांगली हाये, भाऊ."

शकू म्हणाली, "आयकून घ्या. धानाची बांधी अजून पाण्यानं भरली नाही. मोटर सुरू करतो, मंग रेडा हायेच."